एमएस आणि आपला उन्हाळा : चालणं, व्यायाम कसा चालू ठेवता?

कचराळीकाठ | १९ एप्रिल, रात्री ९:४०

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मधुमेह, गुडघे, थायरॉईड यांवर इथे भरपूर लिहिलं गेलंय, पण मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल (म्हणजे एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) मराठीत स्वतःच्या अनुभवाचं फार कमी सापडतं. जे सापडतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्री नऊला जिना चढला तरी पाठीवरून घाम ओघळतो. तिथे "रोज अर्धा तास चाला" एवढ्या सल्ल्याने आमचं भागत नाही.

माझं थोडक्यात सांगते. वय ४१, राहणार ठाण्यात नौपाड्याला, नोकरी ऐरोलीला. २०१७ मध्ये उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं, डोळा हलवला की आतून दुखायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले आणि एमआरआय करून परत आले. पुढच्या वर्षी डावा पाय कमरेपासून बधिर झाला. दोन्ही वेळा स्टिरॉइडची सलाइन, मग कायमचं औषध.

तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दगदग करू नका, जपून राहा." घरच्यांनी ते अक्षरशः पाळलं. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायच्या. त्यांची माया मी विसरणार नाही. पण त्या एका वर्षात नऊ किलो वजन वाढलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचायला मधल्या वळणावर बसावं लागायला लागलं. यात एमएस किती आणि नुसतं बसून राहणं किती, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मीही कोणाला विचारला नाही.

२०१९ च्या मे महिन्यात हट्टाने तलावपाळीला चालायला गेले, संध्याकाळी सहाला. वीस मिनिटांत गडकरी रंगायतनाची पाटी धुरकट दिसायला लागली, डावा पाय घासायला लागला. कठड्यावर बसून रडले. वाटलं, संपलं, नवा अॅटॅक आला. रिक्षाने घरी आले, एसी लावून पडले. चाळीस मिनिटांनी उठले तर डोळा स्वच्छ आणि पाय नेहमीसारखा.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेले तेव्हा याला नाव आहे हे कळलं. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हेच लिहून ठेवलंय : श्रम केले की रुग्णाची नजर मंदावते आणि विश्रांतीनंतर परत येते. पुढे कळलं की कारण श्रम नाहीत, श्रमाने वाढणारी शरीरातली उष्णता आहे. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला इजा झाली नाही, तुम्ही तापलात. चालणं सोडू नका, तापणं टाळा." माझ्यासाठी सगळा फरक या एका वाक्याने पडला.

आता पहाटे साडेपाचला कचराळी तलावावर जाते. पहाटे शरीराचं तापमान मुळातच सर्वांत कमी असतं. निघण्यापूर्वी गार पाण्याने अंघोळ, मानेभोवती ओला पंचा, आणि बाटलीत बर्फाचं पाणी. पाच मिनिटं चालायचं, दोन मिनिटं बसायचं, असं चारदा. आठवड्यातून दोन दिवस घरी ताकदीचे व्यायाम.

माझं मोजमाप म्हणजे ठाणे स्टेशनचा पूल. मी पश्चिमेची, आणि ऐरोलीला जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी सुटते ९-१० नंबरवरून, म्हणजे पार पूर्वेच्या अंगाला. २०१९ मध्ये तो पूल मला तीन टप्प्यांत पार व्हायचा. आता एका दमात होतो. मे महिना सोडून. मेमध्ये दोन टप्पे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पावसाळ्यात काय करता? पोहण्याचा कोणाला अनुभव आहे का? आणि तिसरी जरा संकोचाची : बाहेर पडल्यावर अचानक लघवीची घाई होते, त्याचं काय करता? माझं अर्धं बाहेर पडणं या तिसऱ्या कारणाने बुडतं.

---

हालचाल | १९ एप्रिल, रात्री १०:२५

धागा काढलात ते फार बरं केलंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वाशीत काम करते, न्यूरोचे रुग्ण जास्त बघते. इथे लिहिते ते सर्वसाधारण आहे. प्रत्येकाने आपापल्या न्यूरॉलॉजिस्टला आणि फिजिओला दाखवूनच सुरुवात करावी.

आधी तापण्याबद्दल, कारण ते समजलं की भीती निम्मी होते. आपल्या नसांवर मायलिनचं वेष्टण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतलं हे वेष्टण खाते. उघड्या पडलेल्या जागेवरून विजेचा संदेश कसाबसा पलीकडे जातो. तापमान वाढलं की नसेतली सोडियमची दारं लवकर मिटतात, संदेशाला पुरेसा जोर मिळत नाही आणि तो तिथेच अडतो. अर्धा अंश तापमान वाढलं तरी काहींना पुरतं. शरीर गार झालं की तोच संदेश त्याच वाटेने पुन्हा जायला लागतो. नवीन काही तुटलेलं नसतं.

"दगदग नको" हा सल्ला त्या डॉक्टरांचा एकट्याचा नव्हता. कित्येक दशकं जगभर हेच सांगितलं जायचं. चित्र बदलायला लागलं १९९६ च्या सुमारास. अमेरिकेत यूटा विद्यापीठात पेटाजन आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांच्या सायकलवर व्यायाम करायला लावला. दमसास वाढला, ताकद वाढली, आजार बळावला नाही. त्यानंतर बरेच अभ्यास झाले. व्यायामाने रिलॅप्स (म्हणजे आजाराचे नवे अॅटॅक) वाढतात असं त्यांत दिसलेलं नाही.

किती करायचं? कॅनडाने २०१३ मध्ये सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी सांगितलेलं माप मला आपल्याकडे सोयीचं वाटतं : आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, एकेक व्यायाम १० ते १५ वेळा, जमेल तसे दोन सेट. अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीने २०२० मध्ये आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट दिलं, पण तिथेही आपापल्या कुवतीप्रमाणे हळूहळू पोचा असंच म्हटलंय. घरातली कामं, जिना, बाजारहाट हेही हालचालीतच मोजतात.

मी रुग्णांना एकच खूण सांगते. व्यायामानंतरचा थकवा दोन तासांत उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग शिशासारखं जड असेल तर काल जास्त झालं. पुढच्या वेळी तेवढं कमी करा, पण बंद करू नका.

पाच मिनिटं चालून दोन मिनिटं बसणं ही ताईंची पद्धत अगदी योग्य आहे. सलग वीस मिनिटांत पाय घासायला लागतो. तीच वीस मिनिटं तुकड्यांत केली तर शेवटचं पाऊलही नीट पडतं. आणि घासलेल्या पायाने चालत राहणं म्हणजे चुकीचं चालणं पक्कं करणं.

---

निखिल_घणसोली | १९ एप्रिल, रात्री ११:५०

वय २६. फेब्रुवारीत निदान झालं. दर रविवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळायचो, ते बंद आहे. आई बॅटला हात लावू देत नाही. सलाइन संपून सात आठवडे झाले. हाताला अजून मुंग्या आहेत, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. बाकी चालणं, पळणं सगळं ठीक आहे. मी खेळू शकतो का? की हे आता कायमचं गेलं?

धागा दोनदा वाचला. आईलाही वाचून दाखवला.

---

कचराळीकाठ | २० एप्रिल, सकाळी ७:०५

निखिल, तू रात्री बाराला हे लिहीत होतास यावरून कळतंय काय चाललंय ते. माझेही पहिले सहा महिने असेच गेले. रात्री झोप नाही आणि मोबाइलवर सगळं वाईटच वाचायचं. तुझ्या वयाला सुरुवात होणं हे या आजारात नेहमीचं आहे. बहुतेकांना विशी ते चाळिशीतच कळतं. आणि आता जी औषधं मिळतात ती आधीच्या पिढीला नव्हती. औषध चुकवू नकोस, एवढं ताई म्हणून सांगते.

खेळाबद्दल हालचाल सांगतील. आईंना माझा नमस्कार सांग. त्यांची भीती खरी आहे, त्यांच्यावर चिडू नकोस.

---

हालचाल | २० एप्रिल, दुपारी १:३०

निखिल, करंटसारखं जाणवतं त्याला लर्मिटचं लक्षण म्हणतात. मानेच्या भागात मज्जारज्जूला सूज येऊन गेली की बऱ्याच जणांना होतं. त्याने इजा होत नाही, पण न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. मान जोरात खाली जाईल असे व्यायाम सध्या टाळा.

क्रिकेट कायमचं गेलं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण दुपारी एकच्या उन्हात दहा षटकं नकोत. न्यूरॉलॉजिस्टनी होकार दिला की सकाळी सातला नेटमध्ये वीस मिनिटांपासून सुरुवात करा. आधी एका पायावर उभं राहता येतं का, डोळे मिटल्यावर तोल जातो का, हे फिजिओकडून तपासून घ्या. चेंडू झेलताना वर बघून मागे पळावं लागतं, तिथे तोलाची खरी परीक्षा असते.

आणखी एक, सगळ्यांसाठी. नवीन लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा संसर्ग नसेल तर तो रिलॅप्स असू शकतो. व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करा. तासाभरात गार झाल्यावर गेलं तर ती उष्णता. जुनंच दुखणं दोन-तीन दिवस उफाळून आलं असेल तर लघवीची तपासणी करा. लघवीचा संसर्ग गुपचूप असतो आणि एमएसची लक्षणं वर आणतो.

---

नेरुळकर६२ | २० एप्रिल, रात्री ८:१५

मी रुग्ण नाही, माझी पत्नी आहे. तिला १९ वर्षं झाली. पहिली दहा वर्षं अॅटॅक यायचे आणि उतरायचे. आता उतरणं थांबलंय, हळूहळू वाढतंय. घरात वॉकर, बाहेर वॉकर आणि माझा हात.

मला माझी चूक लिहायची आहे, कारण काळजी घेणारे बरेच जण इथे वाचत असतील. निवृत्तीनंतर मी तिचा व्यायाम मनावर घेतला. रोज सकाळी तिला पाम बीच रोडलगतच्या 'ज्वेल' उद्यानात चालायला घेऊन जायचो. ती म्हणायची "बास आता". मी म्हणायचो "अजून त्या बाकापर्यंत". मला वाटायचं मी तिला धीर देतोय. घरी आल्यावर ती दिवसभर पडून असायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात जाताना पाय अडखळायचा. एका संध्याकाळी पडली, मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय केलंत?" मी अभिमानाने सांगितलं, दीड किलोमीटर. ते काही बोलले नाहीत. मला मात्र तेव्हाच कळलं.

ती म्हणते त्या थकव्यात आणि माझ्या थकव्यात फरक आहे. माझा झोपेने जातो. तिचा काही न करतासुद्धा दुपारी दोनला येतो आणि बोलणंसुद्धा जड करून टाकतो. तो आळस नाही हे समजायला मला कितीतरी वर्षं लागली.

आता कधी थांबायचं ते ती ठरवते. मी फक्त घड्याळ बघतो आणि पाण्याची बाटली धरतो. आणखी एक बदल केला : चालताना मी बोलत नाही. तिला बोलणं आणि चालणं एकत्र जमत नाही, उत्तर द्यायला लागली की पाऊल चुकतं. आधी मी सबंध वाट गप्पा मारायचो. आता बाकावर बसलो की बोलतो.

---

कोपरीची_माई | २१ एप्रिल, सकाळी १०:४०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या भाचीला हाच आजार आहे. आमच्याकडे तिला तिळाचं तेल कोमट करून मालिश करतात आणि नंतर वाफेच्या पेटीत बसवतात. त्याने नसा मोकळ्या होतात असं ऐकलं होतं. पण ती वाफेतून बाहेर आली की उभी राहू शकत नाही, दोघींनी धरून आणावं लागतं. आम्ही समजत होतो की औषध लागू पडतंय. वरचं वाचून शंका आली. चुकतंय का आमचं?

---

हालचाल | २१ एप्रिल, दुपारी २:००

माई, बरं झालं विचारलंत. मालिश चालेल. आवळलेल्या पोटऱ्यांना त्याने बरं वाटतं. वाफेची पेटी मात्र आजच बंद करा. पूर्वी एमएसची शंका असली की रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे, निदान करण्यासाठी. एमआरआय आल्यावर ते सोडून दिलं. तुमच्या भाचीचं रोज तेच होतंय. कायमची इजा होत नसली तरी त्या अवस्थेत पडली तर हाड मोडेल. अंघोळही कोमट किंवा गार पाण्याने, आणि बाथरूममध्ये बसायला स्टूल ठेवा.

मालिशनंतर भाचीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण द्यायला सांगा. एक पाय मागे, टाच जमिनीला, सावकाश, अर्धा मिनिट धरून. झटका द्यायचा नाही. झटक्याने पाय थडथड उडायला लागतो.

---

कोपरीची_माई | २१ एप्रिल, दुपारी ४:२०

फोन करून सांगितलं. पेटी बंद. भाची म्हणाली, "मावशी, मला ते कधीच आवडत नव्हतं, पण सगळे एवढं करतात म्हणून बोलत नव्हते."

---

खिडकीपाशी | २१ एप्रिल, रात्री ९:३०

सगळा धागा चालण्याबद्दल आहे म्हणून मी लिहू की नको असा विचार करत होते. माझा एमएस पहिल्यापासून वाढणाराच आहे, अॅटॅक-उतार असं कधी नव्हतंच. चार वर्षांपासून व्हीलचेअर. राहते कोपरखैरण्यात, वय ५३.

मी रोज व्यायाम करते. कोणी विचारलं की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात. खुर्चीत बसून थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) दाराच्या कडीला अडकवून ओढते. एक किलोच्या तांदळाच्या पिशव्या हातात घेऊन वर-खाली करते. टेबलावर ठेवायची छोटी पेडल सायकल हाताने फिरवते, आठ मिनिटं, मग थांबून पुन्हा आठ. घाम येतो, छाती भरून येते. दिवसातून दोनदा किचनच्या ओट्याला धरून, मुलगा मागे उभा असताना, उभी राहते. पहिल्यांदा ११ सेकंद जमलं होतं. आता पावणेदोन मिनिटं. पायांवर भार येतो, हाडांना ते लागतं, आणि पायांचा कडकपणा त्या दिवशी कमी राहतो.

याने मी चालायला लागणार नाही, मला माहीत आहे. पण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर मी स्वतः जाते. हातांतली ती ताकद गेली तर दोन माणसं लागतील. माझ्यासाठी व्यायाम म्हणजे बाथरूमचं दार आतून लावता येणं.

आता कचराळीकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. संकोच अजिबात नको, एमएसमध्ये मूत्राशयाच्या नसांवर परिणाम होणं अगदी सर्रास आहे. बाहेर जायचं म्हणून पाणी पिणं बंद करू नका. मी तेच करायचे आणि वर्षात तीनदा संसर्ग झाला. निघण्यापूर्वी एकदा जाऊन या, दोन मिनिटांनी पुन्हा बसा, राहिलेली बरीचशी तेव्हा येते. चहा-कॉफी घरी परतल्यावर. आणि यूरॉलॉजिस्टना दाखवा. मूत्राशय पूर्ण रिकामं होतं का हे सोनोग्राफीत दिसतं, त्यावरून उपाय ठरतो, औषधं आहेत. मी नऊ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. ती नऊ वर्षं वाया गेली.

---

कचराळीकाठ | २२ एप्रिल, सकाळी ६:५०

खिडकीपाशी ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल किती आभार मानू. धाग्याच्या नावात मी "चालणं" आधी लिहिलं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर वाटलं, "हालचाल" लिहायला हवं होतं. दोन मिनिटांनी पुन्हा बसायचं आज करून पाहिलं आणि कचराळीच्या चार फेऱ्या निर्धास्त झाल्या. यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे.

काठीबद्दलही सांगते. दोन वर्षं मी काठी घेतली नाही, का तर ऑफिसमध्ये कळेल. भिंतीला, खुर्च्यांना, मैत्रिणींच्या खांद्याला धरत चालायचे आणि दमून जायचे. काठी घेतल्यावर तीच शक्ती चालायला मिळाली. गर्दीच्या वेळी ठाण्याच्या पुलावर काठी दिसली की लोक बाजूने जातात, धक्का लागत नाही. आता रोज लागत नाही, पण मेमध्ये आणि ताप येऊन गेला की पंधरा दिवस ती हातात असते.

---

सीवूड्सकर | २२ एप्रिल, रात्री १०:१०

पोहण्याबद्दल. एमएसला सात वर्षं झाली, पोहायला लागून तीन. आपल्या हवेत माझ्या मते यासारखा व्यायाम नाही. घाम येऊनही दमट हवेत वाळत नाही, म्हणून शरीर तापतं. पाण्यात ती अडचणच नाही, उष्णता पाणी ओढून घेतं. तलावाचं पाणी साधारण २७ ते २९ अंश असावं. काही क्लबांत लहान मुलांसाठी पाणी कोमट ठेवतात, ते आपल्या कामाचं नाही. आधी विचारून घ्या. अगदी गार पाण्यात माझे पाय आखडतात, तसं कोणाचं होत असेल तर तेही बघा.

मी पोहते असं म्हणते, पण निम्मा वेळ छातीभर पाण्यात चालते. बाहेर जे चालणं सात मिनिटांत थांबतं ते पाण्यात पंचवीस मिनिटं होतं. तोल गेला तरी पडत नाही, फक्त भिजते.

खरी अडचण तलावातून बाहेर येताना असते. पाण्यात अंग हलकं असतं, मग शिडीच्या दुसऱ्या पायरीवर सगळं वजन एकदम पायांवर येतं. पहिल्यांदा मी शिडीला लोंबकळत राहिले होते, गार्डने बाहेर काढलं. आता जिथे उथळ बाजूला पायऱ्या आणि रेलिंग आहे तिथेच जाते, आणि अंगात थोडी शक्ती शिल्लक ठेवून बाहेर येते. काठावरच्या ओल्या लाद्यांवर रबरी तळव्याची चप्पल. सोबत कोणीतरी हवंच. एकटीने कधी जात नाही.

---

नेरुळकर६२ | २३ एप्रिल, सकाळी ९:००

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून आमचं सांगतो. जून ते सप्टेंबर आम्ही बाहेर चालणं जवळपास बंद करतो. सोसायटीच्या पोर्चमधल्या गुळगुळीत लाद्या ओल्या झाल्या की वॉकरचे रबरही सरकतात. ते रबर झिजतात हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पावसाळ्याआधी उलटे करून बघा, नक्षी गेली असेल तर बदला.

आम्ही आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चालतो. शेजाऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी दाराबाहेरचे चपलांचे स्टँड आत घेतले. लिफ्टपासून जिन्याच्या खिडकीपर्यंत २२ पावलं. मध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची. रविवारी कधी सीवूड्सच्या स्टेशनवरच्या मॉलमध्ये, उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत. सपाट फरशी, एसी, लिफ्ट आणि स्वच्छतागृह, सगळं एका ठिकाणी.

एक विचारायचं होतं. पत्नीचं डावं पाऊल पुढून खाली लोंबतं, चवडा अडकतो. फिजिओंनी एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार) दिलाय, तो घातला की पाऊल छान उचललं जातं. पण तिच्या कुठल्याच बुटात तो मावत नाही, म्हणून कपाटात पडून आहे.

---

हालचाल | २३ एप्रिल, दुपारी १:१५

हे फार जणांचं होतं. स्प्लिंट चांगला असतो, अडतं ते बुटापाशी. बुटाच्या आतला सुटा तळवा काढून टाका, तेवढ्याने बऱ्यापैकी जागा होते. नाहीच झाली तर एक साइज मोठा, रुंद तोंडाचा, वेलक्रोचा बूट घ्या. दुसऱ्या पायात तो सैल होईल, तिथे काढलेला तळवा जास्तीचा घाला. पायात सुती मोजा गुडघ्यापर्यंत, म्हणजे प्लॅस्टिक घामाने कातडीला चिकटणार नाही. पहिला आठवडा रोज एक तासच घाला आणि काढल्यावर पाय बघा. लाल झालेली जागा वीस मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडे परत न्या, तिथे घासून देतात. त्यांना पाय बधिर असेल तर हे बघणं तुमच्याकडे. त्यांना टोचलेलं कळणार नाही.

पावसाळ्यात नुसती सरकवायची चप्पल नको. टाचेमागे पट्टा असलेलीच हवी.

---

कचराळीकाठ | २३ एप्रिल, रात्री ८:३०

काका, बूट घ्यायला स्प्लिंट सोबत घेऊन जा आणि दोघंही जा. मी गोखले रोडवर तीन दुकानं फिरले तेव्हा एका दुकानातल्या मुलाने स्वतः बसून स्प्लिंट घालून प्रत्येक जोड लावून पाहिला. सकाळी जा, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात आणि माप चुकतं.

प्रमाणपत्राचंही लिहून ठेवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज होतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करतेय, मुंबईत त्यांची शाखा आहे. मला पहिल्यांदा "मलाही असंच होतं" म्हणणारं माणूस तिथेच भेटलं.

---

निखिल_घणसोली | ११ मे, सकाळी ८:२०

न्यूरॉलॉजिस्टनी परवानगी दिली. फिजिओने तपासलं, डोळे मिटून डाव्या पायावर चार सेकंदच उभा राहू शकतो, त्यावर काम चालू आहे. नेटमध्ये तीनदा जाऊन आलो, सकाळी साडेसहाला, वीस मिनिटं. काल सतराव्या मिनिटाला चेंडू दोन दिसायला लागला. आधी घाबरलो असतो. काल बाजूला बसलो, डोक्यावर पाणी ओतलं, आई गेटपाशी उभी होती तिला हाताने "ठीक आहे" केलं. पंधरा मिनिटांत गेलं.

एक विचारायचंय. असं झालं आणि गेलं, की त्याच दिवशी पुन्हा खेळायचं का?

---

हालचाल | ११ मे, दुपारी १:४०

नाही, त्या दिवशी घरी. चेंडू दोन दिसले हे न्यूरॉलॉजिस्टना फोनवर कळवा. आणि पुढच्या वेळी बारा मिनिटांवर थांबा, सतराव्याची वाट बघू नका.